दोष मुळांचा की सांध्यांचा?

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कविता असावी, कथा असावी, सहलीचे वर्णन असावे. मोरी आणि ड्रेनेज हा काय लेखाचा विषय झाला, असे माझ्या वर्गमैत्रिणींनी मला विचारले. त्यांचे विचारणे साहजिक आहे. घरातली मोरी जुन्या काळच्या सुनेसारखी असते. ती निमूटपणे काम करीत असते तोवर तिची कोणी विचारपूस करीत नाही, आणि एक दिवस ती तुंबली की सारे घर तिच्या नावाने ओरडू लागते. मग धावाधाव होते, कोणीतरी ‘ड्रेनेजवाला’ शोधून आणतो, पाणी वाहते होते, आणि पुढल्या वेळेपर्यंत सर्वांना पुन्हा विसर पडतो.

परंतु आपल्या हैदराबादेत, विशेषतः काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा, नारायणगुडा अशा जुन्या वस्त्यांत, एक प्रकार वारंवार घडताना दिसतो आणि त्यावर विचार व्हावा असे मला वाटते. मोरी पुन्हा पुन्हा तुंबते. जमीन उकरली, नळ फोडला की आतून झाडाच्या मुळांचा झुबका निघतो. तो पाहताच घरातले सर्वजण एकमताने झाडाला गुन्हेगार ठरवतात आणि कुऱ्हाडीची शिक्षा सुनावतात. एरवी कोणत्याही गोष्टीवर एकमत न होणाऱ्या कुटुंबात या बाबतीत मात्र कमालीची एकी असते! मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आरोपीला आपली बाजू स्वतः मांडता येत नाही, म्हणून या लेखापुरते मी झाडाचे वकीलपत्र घेतले आहे.

आमच्याच गल्लीतले उदाहरण घ्या. एका जुन्या दुमजली घराच्या मागल्या अंगणात कडुनिंबाचे मोठे झाड आहे. तळमजल्यावर गुलबर्ग्याकडचे एक कन्नड कुटुंब भाड्याने राहते. पावसाळा संपता संपता त्यांच्या नहाणीघरात पाणी चढू लागले. नाक्यावरून एक माणूस बोलावला गेला. त्याने बांबूच्या लवचिक कांबी घालून घुसळले आणि घोड्याच्या शेपटीसारखा मुळांचा एक झुबका ओढून काढला. पाच महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार, त्याच जागी. घरमालक काकांनी झाड तोडायचे ठरवले. तळमजल्यावरच्या अज्जी म्हणाल्या, “काका, झाड तोडा म्हणता, पण उन्हाळ्यात आमच्यावर सावली कोण धरणार? आधी नळ तरी पाहा!” शेजारचे एक निवृत्त ओव्हरसीयर तेथे उभे होते. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न केला, “मागच्या न्हाणीपासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत किती सांधे आहेत, हे कोणी मोजले आहे काय?”

कोणीच मोजले नव्हते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली त्या एका प्रश्नात आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या मैलावाहिन्या बहुधा स्टोनवेअरच्या, म्हणजे झिलई दिलेल्या भाजक्या मातीच्या नळांच्या असतात. नळ स्वतः मोठा चिवट असतो. तो गंजत नाही, तेजाबालाही दाद देत नाही. त्याचे दुखणे एकच, लांबी! असा एक तुकडा साधारणपणे दोन फुटांचा असतो. म्हणजे पन्नास फुटांच्या वाहिनीत सुमारे पंचवीस सांधे आले. प्रत्येक सांध्यात एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचे, मध्ये सुतळी ठासायची आणि वरून सिमेंट भरायचे. हे सर्व खड्ड्यात वाकून, हाताने. वरच्या बाजूचे सिमेंट सर्वांना दिसते. नळाच्या खालच्या बाजूला बोटे पोहोचली की नाही, हे त्या गवंड्यालाच ठाऊक. पुढे सिमेंट आकसते, खालची माती बसते, वरून मोटार जाते, आणि पंचवीसांपैकी एखाद्या सांध्याला केसाएवढी भेग पडते.

मुळांचे काम तेथून सुरू होते. मूळ दुरून पाण्याचा वास घेत नळाकडे धावत येते, असा एक समज आहे. तो खरा नाही. मुळाच्या टोकाला ओलावा जिकडे अधिक तिकडे वळण्याची प्रवृत्ती असते; परंतु तो ओलावा टोकापर्यंत पोहोचलेला असावा लागतो. नळ धड असेल तर त्याच्या भोवतीची माती इतर मातीइतकीच कोरडी असते आणि मूळ त्याच्या शेजारून निघून जाते. सांधा झिरपत असेल तर मात्र तेथे ओल असते, आणि त्या ओलीत नायट्रोजन व फॉस्फरस ही झाडाची अन्नद्रव्येही असतात. शिवाय नळ टाकताना खणलेला चर पुन्हा भरला जातो तेव्हा ती माती आजूबाजूच्या घट्ट मुरमापेक्षा भुसभुशीत राहते आणि मुळांना हवी असणारी हवा तीत खेळते. झाडांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात, झाडाच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. आणि घरातल्या मोरीचा नळही आपण नेमका तेवढ्याच खोलीवर टाकतो. गाठ पडणारच!

भेगेतून प्रथम शिरते ते दोऱ्याहून बारीक मूळ. आत त्याला पाणी, अन्न, अंधार आणि हवा, सर्व काही मिळते. ते फुटते, फाटे धरते, जाळे विणते. त्या जाळ्यात तेल-तूप, केस, भाताची शिते, चिंध्या अडकतात आणि नळाला बूच बसते. इकडे भेगेत अडकलेला मुळाचा भाग वर्षागणिक जाड होत जातो आणि पाचरीसारखा सांधा फाकवतो. नुकसान झाड करतेच, हे मी नाकारीत नाही. परंतु दार आधी उघडे होते. पाहुणा मागाहून आला. मुळांचा झुबका हा फुटक्या सांध्याचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदारालाच फाशी दिले की खटला मिटतो असे कोणत्या न्यायात बसते?

या शहराचे ड्रेनेज आणि या शहरातली झाडे यांचे नाते किती जुने आहे, हेही आपण विसरलो आहोत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसी नदीला महापूर आला. हजारो घरे वाहून गेली आणि सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली असे सांगितले जाते. त्या दिवशी अफजलगंज भागातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी आपले प्राण वाचवले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले ते झाड पुराची आठवण म्हणून पुढे प्रसिद्ध झाले, आणि पुराच्या स्मृतिदिनी नागरिक त्याच्या सावलीत जमत आले आहेत. त्याच पुरानंतर, १९०९ साली, निझाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना सल्ल्यासाठी बोलावले. म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या, पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झालेल्या, आणि नाशिक-धुळ्यापासून खडकवासल्यापर्यंत मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या गृहस्थांवर, या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांनी हक्क सांगावा! पूर अडविण्यासाठी धरणे हवीत, हे त्यांनी सांगितले. त्यातून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरे झाले. परंतु शहराला बंदिस्त मलनिःसारण हवे, हाही त्यांच्या सल्ल्याचाच भाग होता. १९३० च्या आगेमागे जुन्या शहराच्या पोटात भूमिगत गटारे टाकली गेली. म्हणजे ज्या पुरात झाडाने माणसे वाचवली, त्याच पुरातून आपले ड्रेनेज जन्माला आले. एकाच संकटाची ही दोन लेकरे आज आपण एकमेकांच्या जिवावर उठवली आहेत.

यात आपला आणखी एक हात आहे. पूर्वीच्या घरांना मातीचे अंगण होते. झाडाभोवती आळे होते, भांड्यांचे पाणी त्यात जात असे, पाऊस जमिनीत मुरत असे. आता अंगण म्हटले की शहाबादी फरशी, नाही तर सरसकट काँक्रीट. स्कूटर ठेवायला बरे, झाडलोट करायला बरे. झाडाच्या बुंध्याशी कसेबसे वीतभर मातीचे कडे उरते, कित्येक ठिकाणी तेही नाही. मग पाऊस पडतो तो अंगणावरून थेट रस्त्यावर जातो आणि खालची जमीन कोरडी ठणठणीत राहते. अशा अंगणात सबंध वर्षभर ओल टिकून राहणारी जागा एकच उरते, मोरीच्या नळाचा फुटका सांधा. आपणच झाडाचे सगळे पाणवठे बुजवायचे, एकच चोरदार उघडे ठेवायचे, आणि झाड त्या दारातून आत आले म्हणून त्याच्यावर घरफोडीचा आरोप ठेवायचा!

मुळे नळात शिरतात याहून गंभीर गोष्ट त्याच भेगेतून उलट दिशेने घडत असते, आणि तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. ज्या वाटेने मूळ आत येते त्याच वाटेने मैला बाहेर जातो. तो जमिनीत मुरतो, जवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरतो. शहरात पिण्याचे पाणी चोवीस तास येत नाही. नळाला पाणी नसते तेव्हा पाण्याच्या वाहिनीत दाब उरत नाही, आणि तीही कोठे फुटकी असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. दोन फुटक्या वाहिन्या एकाच चरात शेजारी शेजारी असल्या म्हणजे काय होईल, हे सांगायला डॉक्टर नको. २००९ च्या मे महिन्यात आपल्याच शहरातल्या भोलकपुरात दूषित पाण्याने माणसे दगावली होती. ती दुर्घटना मुळांमुळे झाली असे मी म्हणत नाही. पण मैल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले तर काय घडते, हे तिने सर्वांना दाखवले. या दृष्टीने पाहिले तर मुळाने मोरी तुंबवली हा एक प्रकारे उपकारच म्हणायचा. तुंबली म्हणून कळले तरी. नाही तर सांधा वर्षानुवर्षे गुपचूप झिरपत राहिला असता.

आता उपायांकडे वळू. लोक तीन स्वस्त उपाय करतात, आणि माझ्या मते तिन्ही अपुरे आहेत.

पहिला उपाय झाड तोडण्याचा. कडुनिंबासारखे झाड बुंध्यापाशी कापले तरी खुंटाला धुमारे फुटतात आणि मुळे जिवंत राहतात. खुंट मारला, तर मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळी राहते. सांधा तर आधीपेक्षाही अधिक फाकलेला. त्यातून माती आत येऊ लागते, नळ गाळाने भरतो, आणि वरची जमीन खचते. शेजाऱ्याच्या अंगणात दुसरे झाड असेल तर त्याची मुळे त्याच दारातून येतात. शिवाय आंध्र प्रदेशात २००२ साली झालेला जल, भूमी व वृक्ष कायदा तेलंगणातही लागू आहे. आपल्या अंगणातले झाड म्हणून ते परवानगीवाचून तोडता येत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसरा उपाय नळात काहीतरी ओतण्याचा. कोणी तेजाब ओततो, कोणी कॉस्टिक, आणि कोणी मोरचूद. मोरचुदाने मुळे मरतात हे खरे. द्राक्षाच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला मोरचुदाचा गुण नवा नाही. परदेशातही तो या कामी पुष्कळ वापरला गेला आहे. परंतु वाहते पाणी तो चटकन पुढे नेते. ज्या झुबक्यावर तो टिकायला हवा तेथे तो टिकत नाही. आणि पुढे जातो कोठे? शुद्धीकरण केंद्रात, जेथे मैला पचविण्याचे काम जिवाणू करतात आणि तांब्याचे विष त्यांनाही मारते. किंवा मूसीत, जिची अवस्था आधीच कोणाला सांगावी अशी राहिलेली नाही. तेजाबाने तर सांध्यातले उरलेसुरले सिमेंटच खाल्ले जाते. म्हणजे रोग्याला औषध म्हणून रोगच पाजण्यासारखे झाले.

तिसरा उपाय सर्वांत वाईट. माणूस आत उतरविण्याचा. मुळांचा झुबका खोल चेंबरमध्ये किंवा मॅनहोलच्या तोंडाशी असला की कोणीतरी नाक्यावर जातो, चारशे-पाचशे रुपयांचे बोलणे करतो, बाटलीचे आमिष दाखवतो आणि एका माणसाला खाली पाठवतो. कोण असतो हा माणूस? आपल्या आडनावांचा तो कधीच नसतो, हे आपण सर्व जाणतो आणि बोलत नाही. खाली हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार असला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे धोका वाढला की इशारा थांबतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वनस्थलीपुरमजवळच्या साहेबनगरात मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार असेच गेले. ही बातमी वाचून आपण दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी पान उलटले.

यासंबंधी कायदा स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला कायदा १९९३ साली झाला, दुसरा अधिक व्यापक कायदा २०१३ साली. दुसऱ्या कायद्याप्रमाणे कोणालाही संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, होऊ शकतात. काम सरकारी खात्याचे असो की तुमच्या-आमच्या घरचे, कायदा तोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. ही लढाई सफाई कर्मचारी आंदोलनाने न्यायालयात आणि रस्त्यावर लढवली. त्याचे एक संस्थापक बेजवाडा विल्सन यांचा जन्म कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावचा. आपण गाडगेबाबांच्या खराट्याचे पोवाडे गातो. परंतु बाबांनी खराटा स्वतःच्या हातात धरला होता, दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता.

तिन्ही उपायांत एक समान सूत्र दिसेल. सांधा आपला, अंगण आपले, मोरी आपली. आणि भुर्दंड मात्र ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर. कधी झाडावर, कधी नदीवर, कधी नाक्यावरच्या माणसावर. माझा आक्षेप नेमका याला आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, आधी निदान करावे. घरातल्या चेंबरांची झाकणे एकामागून एक उघडून पाहावीत. ज्या चेंबरमध्ये पाणी तुंबले आहे आणि त्याच्या पुढचे ज्यात कोरडे आहे, त्या दोघांच्या मधल्या तुकड्यात दोष आहे, इतके तर्कशास्त्र प्रत्येकाला जमते. हल्ली नळात सोडायचे छोटे कॅमेरेही मिळतात. त्यांनी सांधा अन् सांधा दिसतो. नळातून गुडगुड आवाज येणे, पाणी हळूहळू ओसरणे, आणि चार-सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा तुंबणे, ही मुळांची लक्षणे समजावीत. एकदाच तुंबले तर दोष बहुधा चिंध्यांचा किंवा खरकट्याचा असतो.

दुसरी गोष्ट, मुळे काढायची ती यंत्राने, वरून. जोराच्या पाण्याचा फवारा सोडणारे जेटिंग यंत्र किंवा फिरत्या पात्याची तार यांनी मुळे नळाच्या आतल्या आत कापता येतात. आमच्या गल्लीत गाडी कशी येणार, ही सबब आता फारशी चालणार नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या आपल्या महानगर पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाने २०१७ साली अरुंद गल्ल्यांत शिरू शकतील अशी सत्तर लहान यंत्रे आणली आणि ती चालविण्याचा व्यवसाय दलित उद्योजकांच्या हाती दिला. ज्यांच्या वाडवडिलांना गटारात उतरावे लागले त्यांतले काही आज यंत्राचे मालक आहेत, ही या शहराने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. मात्र यंत्राने कापलेले मूळ छाटलेल्या फांदीसारखे पुन्हा फुटते, हे विसरू नये. हा उपाय तात्पुरता आहे.

तिसरी आणि खरी गोष्ट, सांधा दुरुस्त करावा. सबंध वाहिनी बदलण्याची ऐपत नसेल तर दोषी तुकडा तरी बदलावा. पी.व्ही.सी.चा एकच लांब नळ दहा-दहा मातीच्या नळांची जागा घेतो. म्हणजे जेथे दहा सांधे होते तेथे एक उरतो, आणि तोही चिकटद्रव्याने किंवा रबरी कड्याने बंद झालेला. उतार मात्र नीट द्यावा. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, हा जुन्या इंजिनिअरांचा हिशेब आजही उपयोगी पडतो. झाड अगदी जवळ असेल तर तेवढ्या भागात नळाभोवती काँक्रीटचे वेष्टण द्यावे. चर खणताना मनगटाएवढी जाड मुळे तोडू नयेत; त्यांच्यावरच झाड उभे असते, आणि ती तुटली तर पहिल्याच वादळात झाड घरावर येईल.

चौथी गोष्ट अगदी सोपी. बुंध्याभोवतालच्या दोन-चार फरश्या उचलाव्यात आणि आळे मोकळे करावे. पाऊस तेथे मुरू द्यावा. झाडाला पाणी मिळण्याची सरळ वाट असली तर सांध्यापाशी जमलेली ओल हेच त्याचे एकमेव आश्रयस्थान राहणार नाही.

यावर आक्षेप येतील. “खर्च कोण करणार? भाडेकरू करील की मालक?” असे विचारले जाईल. नळ जमिनीत कायमचा राहतो, भाडेकरू राहत नाही. तेव्हा खर्च मालकाचा, हे मला उघड वाटते. तीन-चार घरांची वाहिनी एकच असेल तर खर्च वाटून घ्यावा. गणपतीची वर्गणी आपण गोळा करतो. तितक्याच उत्साहाने मोरीची करायला हरकत नाही. आणि दर पाच महिन्यांनी होणारी बांबूवाल्याची मजुरी काही वर्षे जोडून पाहिली, तर नवा तुकडा महाग वाटणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक योग्य आहे. सर्वच झाडे राखण्याजोगी असतात काय? नाहीत. चेंबरच्या भिंतीतच उगवलेला पिंपळ किंवा वड, बोटभर असतानाच उपटला पाहिजे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले ते बी विटांच्या सांध्यात रुजते, आणि मोठे झाल्यावर धर्मही आडवा येतो आणि भिंतही जाते. लावतानाही विवेक हवा. वड, पिंपळ, उंबर, वर्षावृक्ष ही मैदानाची झाडे आहेत. वीस फुटी अंगणात त्यांना कोंडणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे. मोरीच्या नळाजवळ जास्वंद, पारिजातक, कढीपत्ता, लिंबू, सीताफळ लावावे. भराभर हिरवे दिसते म्हणून शहराशहरांत लावलेल्या कोनोकार्पसचा अनुभव ताजा आहे. आखाती देशांत भूमिगत वाहिन्यांना त्रास देण्याबद्दल तो बदनाम झालेलाच होता, आणि गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. म्हणजे दोष लावणाऱ्याचाही असतो.

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे विद्यार्थ्यांविषयी. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, फोटो काढतो आणि परत येतो. त्याऐवजी एका वर्षी एकच गल्ली घ्यावी. प्रत्येक घराची चेंबरे कोठे आहेत, नळ कोणत्या दिशेने जातो, झाड किती अंतरावर आहे, नळ मातीचा की पी.व्ही.सी.चा, याचा साधा कागदी नकाशा करावा आणि घरोघर एक प्रत द्यावी. आज कित्येक घरांत आपला नळ कोठून जातो, हे माहीत असणारा शेवटचा माणूस वारलेला आहे. वनस्पतिशास्त्राच्या मुलींनी झाडे ओळखावीत, इंजिनिअरिंगला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी उतार मोजावा, कायदा शिकणाऱ्यांनी २०१३ च्या कायद्यातल्या तरतुदी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लिहून दाराला चिकटवाव्यात. यासाठी निधी लागत नाही. मोजपट्टी, कागद आणि दोन रविवार लागतात.

आमच्या गल्लीतल्या त्या निंबाचा निकाल अद्याप लागलेला नाही. काका अजून हिशेब करीत आहेत. परंतु हैदराबादेत असे निंब शेकडो आहेत आणि असे काकाही शेकडो आहेत. त्यांना माझे इतकेच सांगणे आहे, की कुऱ्हाडवाल्याला बोलावण्यापूर्वी एक कुदळ बोलवा, आणि माणसाला खाली उतरवण्यापूर्वी यंत्राला बोलवा. खणल्यावर मुळे दिसतीलच. त्यांना बाजूला सारून तो सांधा पाहा, आणि मग निकाल द्या.